पाऊस आला तरी गाईचा उन्हाळा का संपत नाही?

एप्रिल-मे आला की घराघरांत एक तक्रार ठरलेली असते. दुधावर साय नीट धरत नाही, चहाला दाटपणा येत नाही. मग पहिला संशय जातो तो दूधवाल्यावर. ‘पाणी घातलं असणार!’

कधी कधी हा संशय खराही असतो. पण उन्हाळ्यात पाण्याचा एक थेंब न घालताही दूध पातळ होऊ शकतं. पिशवीबंद दुधात प्रक्रिया करून फॅट ठरावीक ठेवलेलं असतं, त्यामुळे तिथे हा फरक लक्षात येत नाही. सुट्या दुधात मात्र तो थेट भांड्यात दिसतो.

याचं कारण गोठ्यात आहे. उन्हाळ्यात गाय कमी दूध देते, दुधातलं फॅट घटतं, ती वेळेवर गाभण राहत नाही आणि आजारांना लवकर बळी पडते. हे बऱ्याच जणांना ढोबळमानाने माहीत असतं. पण एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. गाईचा उन्हाळा आपल्यापेक्षा आधी सुरू होतो आणि पहिला पाऊस पडल्यावरही तो संपत नाही. उलट काही भागांत जूनचे दमट दिवस एप्रिलच्या कोरड्या उन्हापेक्षा जास्त त्रासाचे असतात.

हे कसं, आणि त्यात शेतकऱ्याचे पैसे नेमके कुठे जातात, तेच समजून घेऊ.

मुळात गाय इतकी तापते कशामुळे?

गाईच्या शरीराचं तापमान साधारण ३८.५ अंश सेल्सियस असतं. माणसापेक्षा दीड अंश जास्त. बाहेर कितीही ऊन असलं तरी तिला हे तापमान याच्या आसपासच ठेवावं लागतं.

अडचण अशी की उष्णता फक्त बाहेरून येत नाही. गाईच्या पोटातच एक भट्टी आहे. तिच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी सर्वात मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या गाईच्या कोटीपोटात १०० लिटरहून अधिक माल मावतो. तिथे कोट्यवधी सूक्ष्मजीव कडबा, गवत आणि पेंड आंबवत असतात. या आंबवण्यातून गाईला ऊर्जा मिळते, तशीच भरपूर उष्णताही तयार होते. त्यात दूध तयार करण्याचं काम वेगळं. रोज २० लिटर दूध देणाऱ्या गाईचं शरीर म्हणजे दिवसरात्र चालणारा कारखानाच.

म्हणजे जितकं दूध जास्त, तितका खुराक जास्त आणि तितकी आतली उष्णताही जास्त. त्यामुळेच उन्हाचा फटका आधी बसतो तो गोठ्यातल्या सर्वात दुधाळ गाईला.

ही उष्णता बाहेर टाकायला गाईकडे फार साधनं नाहीत. माणसासारखा तिला भरपूर घाम येत नाही. म्हणून ती धापा टाकते. तोंड उघडं ठेवून, जीभ बाहेर काढून, लाळ गाळत ती श्वासावाटे उष्णता बाहेर फेकते. म्हशीची अवस्था आणखी बिकट. तिची कातडी काळी, अंगावर केस विरळ आणि घर्मग्रंथी गाईपेक्षाही कमी. म्हैस पाण्यात किंवा चिखलात डुंबते ती हौस म्हणून नाही, अंग थंड करायचा तिच्याकडे तोच सर्वात खात्रीचा मार्ग आहे.

थंड प्रदेशातली गाय, दख्खनचं ऊन

महाराष्ट्रात आज ज्या गाईंच्या जोरावर दूध संकलन चालतं, त्या बहुतांश संकरित आहेत. गावात त्यांना सरसकट ‘जर्सी’ किंवा ‘एचएफ’ म्हणतात. एचएफ म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन. मूळ नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीच्या थंड, हिरव्या पट्ट्यातली. जर्सीचं मूळ गाव म्हणजे इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधलं छोटंसं जर्सी बेट.

महात्मा गांधींनी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू केलं आणि त्याची जबाबदारी मणिभाई देसाईंवर सोपवली. याच मणिभाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था उभी केली. शेतकऱ्याच्या दारात जाऊन कृत्रिम रेतन करायचं आणि संकरित गाई तयार करायच्या, हे काम बाएफने मोठ्या प्रमाणावर केलं. १९७० मध्ये देशात ‘ऑपरेशन फ्लड’ म्हणजे दुधाचा महापूर योजना सुरू झाली. पुढच्या काही दशकांत दुष्काळी भागातल्या शेतकऱ्यालाही दर दहा दिवसांनी हातात पैसे देणारा धंदा मिळाला. पावसाने शेती बुडवली तरी दुधावर घर चालू लागलं.

हे यश मोठं आहे. फक्त त्यासोबत एक गोष्ट आली. एचएफ गाईला साधारण ५ ते २५ अंशांचं हवामान मानवतं. संकरित गाय शुद्ध एचएफपेक्षा थोडी काटक असते, पण विदेशी रक्त जितकं जास्त, तितकी उन्हाची सहनशक्ती कमी. आणि आपल्याकडे फेब्रुवारीच्या दुपारीच पारा तिशी ओलांडतो.

गाईचा उन्हाळा कधी सुरू होतो?

इथे एक साधं पण महत्त्वाचं मोजमाप कामी येतं. त्याला तापमान-आर्द्रता निर्देशांक म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी टीएचआय. हवा किती गरम आहे आणि तिच्यात किती दमटपणा आहे, या दोन्हींचा मिळून हा एक आकडा. १९५९ मध्ये माणसांना हवा किती असह्य होते हे मोजण्यासाठी तो तयार झाला. नंतर तो जनावरांसाठी वापरला जाऊ लागला.

दुभत्या गाईसाठी ७२ ही धोक्याची पहिली रेषा मानली जाते. जास्त दूध देणाऱ्या गाईंना तर ६८ लाच त्रास सुरू होतो, असं नंतरच्या संशोधनातून पुढे आलं. ८० च्या वर गेलं की ताण चांगलाच जाणवतो आणि ९० च्या वर तो जिवावर बेतू शकतो.

आता प्रत्यक्ष आकडे पाहा. प्रचलित सूत्र वापरलं तर असं दिसतं:

- तापमान २५ अंश, आर्द्रता ५० टक्के: टीएचआय सुमारे ७२
- तापमान ३८ अंश, आर्द्रता २० टक्के: टीएचआय सुमारे ८२
- तापमान ३१ अंश, आर्द्रता ८० टक्के: टीएचआय सुमारे ८४

पहिली ओळ म्हणजे आपल्याला छान वाटणारी हवा. पंखाही लावावासा वाटणार नाही अशी. पण गाय तिथेच धोक्याच्या रेषेवर उभी असते.

दुसरी ओळ म्हणजे सोलापूर किंवा मराठवाड्यातली एप्रिलची कोरडी दुपार. तिसरी म्हणजे जूनमधला ढगाळ, चिकचिकाटाचा दिवस. पारा तब्बल सात अंशांनी उतरलेला. आपल्याला वाटतं, उन्हाळा गेला. गाईसाठी मात्र आकडा वाढलेला असतो.

असं होतं कारण गाय उष्णता बाहेर टाकते ती मुख्यतः पाण्याची वाफ करून, श्वासातून आणि घामातून. हवा कोरडी असेल तर ही वाफ पटकन उडते. हवेत आधीच दमटपणा भरलेला असेल तर वाफ उडायला जागाच उरत नाही. गाय धापा टाकत राहते, पण अंग थंड होत नाही. पावसाआधीच्या दमट दिवसांत ओले कपडे वाळत नाहीत, त्यामागचंही कारण हेच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. टीएचआय हा सावलीतल्या हवेचा आकडा आहे. थेट ऊन आणि वारा त्यात धरलेला नाही. म्हणून एप्रिलमध्ये उघड्यावर बांधलेल्या गाईचा त्रास कागदावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. कोरडा उन्हाळा सोपा असतो असं नाही. उन्हाळ्याचे दोन प्रकार आहेत, एक कोरडा आणि एक दमट. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि बरेच जण फसतात ते इथेच.

रात्र थंड नसेल तर?

दिवसभर साठलेली उष्णता गाय रात्री बाहेर टाकते. रात्री काही तास तरी हवा २१ अंशांच्या खाली आली तर ती सावरते आणि दुसऱ्या दिवसासाठी तयार होते. मार्चमध्ये दुपार तापलेली असूनही गाई बऱ्यापैकी तग धरतात, त्या याच थंड रात्रींमुळे.

मे महिन्यात रात्रीही पारा खाली येत नाही. किनारपट्टीवर तर दमटपणामुळे रात्र आणि दिवस यांत फारसा फरक उरत नाही. मग आदल्या दिवसाची उष्णता शिल्लक असतानाच दुसरा दिवस उगवतो. असे चार-पाच दिवस सलग आले की दूध झपाट्याने खाली येतं. म्हणून हवामानाचा अंदाज पाहताना पशुपालकाने कमाल तापमानाइतकंच किमान तापमानही पाहायला हवं.

दूध कमी होतं, कारण गाय कमी खाते. एवढंच?

गाय तापली की ती आधी खाणं कमी करते. पोटातली भट्टी मंद करायचा तिचा हा मार्ग. खाणं कमी, म्हणून दूध कमी, असं सरळ वाटतं.

पण संशोधकांनी हे तपासून पाहिलं. काही गाईंना उष्ण वातावरणात ठेवलं. काही गाईंना थंड वातावरणात ठेवून तापलेल्या गाई जेवढं खात होत्या तेवढंच खाद्य दिलं. खाणं सारखंच. तरीही तापलेल्या गाईंचं दूध कितीतरी जास्त घटलं. म्हणजे दुधातली जवळपास अर्धीच घट कमी खाण्यामुळे होती. उरलेली घट शरीरातल्या बदलांमुळे होती. दुधासाठी लागणारी ऊर्जा शरीर स्वतःला वाचवण्याकडे वळवतं.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. उन्हाळ्यात दूध घटलं की बरेच शेतकरी खुराकाची पाटी वाढवतात. पण गाय तापलेली असताना फक्त पेंड वाढवून गेलेलं दूध परत येत नाही. उलट नुकसान होऊ शकतं.

ते असं. गाय चारा चघळते, रवंथ करते, तेव्हा भरपूर लाळ तयार होते. ही लाळ खाण्याच्या सोड्यासारखी काम करते आणि कोटीपोटातलं आम्ल आटोक्यात ठेवते. उन्हाळ्यात गाय वाळला चारा टाळते, रवंथ कमी करते आणि धापा टाकताना लाळ बाहेर गळून जाते. त्यातच पेंड आणि भरडा वाढवला तर पोटात आम्ल वाढतं. दुधातलं फॅट मुख्यतः चाऱ्याच्या पचनातून तयार होतं. चारा कमी आणि आम्ल जास्त झालं की फॅट घसरतं. सुरुवातीच्या पातळ चहाचं उत्तर हे आहे.

उन्हाळ्यात बाजारात दूध कमी येण्यामागे फक्त उष्णता नाही, हेही खरं. हिरवा चारा संपलेला असतो. बहुतेक म्हशी पावसाळा ते हिवाळ्यात वितात, त्यामुळे उन्हाळ्यापर्यंत त्यांचं दूध ओसरलेलं असतं. पण या दोन गोष्टी दरवर्षीच्या आणि अपेक्षित असतात. उष्णतेचा फटका त्यावर वेगळा बसतो.

शेतकऱ्याच्या खिशावर याचा परिणाम किती?

डेअरीवर दुधाचा दर फक्त लिटरवर ठरत नाही. गाईच्या दुधासाठी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, हे प्रमाण धरलेलं असतं. दूध त्याखाली उतरलं की पॉइंटमागे पैसे कापले जातात. उन्हाळ्यात म्हणूनच दुहेरी मार बसतो. लिटरही कमी आणि दरही कमी.

समजा, एकाकडे चार गाई आहेत. प्रत्येकी १५ लिटरप्रमाणे रोज ६० लिटर दूध. दर ३० रुपये. दहा दिवसांचं बिल झालं १८,००० रुपये. आता उष्णतेने दूध १५ टक्के घटलं आणि फॅटमुळे दर एक रुपयाने उतरला. रोजचं दूध ५१ लिटर, दर २९ रुपये. दहा दिवसांचं बिल १४,७९० रुपये. म्हणजे दहा दिवसांत ३,२१० रुपये गेले. चारा, पेंड, औषध, मजुरी यांचा खर्च मात्र तेवढाच. उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागला तर उलट वाढलेला.

छोट्या पशुपालकाचा नफा मुळातच लिटरमागे काही रुपयांचा असतो. अशा दोन-तीन बिलांत तो पूर्ण संपतो.

खरं नुकसान पुढच्या वर्षी दिसतं

दूध घटलं ते डेअरीच्या पावतीवर दिसतं. पण सर्वात मोठं नुकसान कुठल्याच पावतीवर येत नाही.

गाय दर २१ दिवसांनी माजावर येते. माज जेमतेम १२ ते १८ तास टिकतो. उन्हाळ्यात तो आणखी छोटा आणि अस्पष्ट होतो. गाय बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे थंड वेळेला माज दाखवते, तेव्हा गोठ्यात कुणी नसतं. म्हशीत तर मुका माज नेहमीचाच. माज हुकला की २१ दिवस गेले.

माज सापडला, रेतन केलं, तरी अंगातली उष्णता सुरुवातीच्या दिवसांतल्या गर्भाला मारक ठरते. गाय उलटते. पुन्हा २१ दिवस. अशा दोन-तीन फेऱ्या गेल्या की दोन महिने वाया. या काळात गाय खाते तेवढंच, पुढचं वेत मात्र लांबत जातं.

गाईचा गर्भकाळ साधारण २८० दिवसांचा. म्हणजे मेमध्ये गाभण राहिलेली गाय पुढच्या फेब्रुवारीत विते. मेमध्ये ती उलटली तर दुधाची तूट पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसते. तेव्हा त्या तुटीचा संबंध मागच्या मेशी कुणी जोडत नाही.

आटवलेल्या गाईचंही असंच. विण्याआधीचे शेवटचे दोन महिने तिला दूध नसतं, म्हणून तिला गोठ्याच्या कडेला, पत्र्याखाली किंवा झाडाच्या विरळ सावलीत बांधतात. पंखा असेल तर तो दुभत्या गाईला. पण याच दोन महिन्यांत पुढच्या वेताची कास घडत असते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसलं, की आटवण्याच्या काळात थंड ठेवलेल्या गाई व्यायल्यावर जास्त दूध देतात. तापलेल्या गाईचं वासरूही वजनाने कमी जन्मतं. थोडक्यात, सावलीचा पहिला हक्क गाभण, आटलेल्या गाईचाही आहे.

पावसाळा आला की दुसरी लढाई

उन्हाने थकलेलं जनावर जूनमध्ये पावसाळ्याला सामोरं जातं. उष्णतेच्या ताणाने त्याची प्रतिकारशक्ती घटलेली असते. आणि नेमक्या याच वेळी चिखल, माश्या, डास आणि गोचीड वाढतात.

घटसर्प आणि फऱ्या हे पावसाळ्यात उसळणारे आजार. घटसर्पात घसा सुजतो, श्वास घोरल्यासारखा होतो आणि उपचाराला उशीर झाला तर जनावर एक-दोन दिवसांत दगावतं. दोन्हींवर लस आहे. पण लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून ती पाऊस सुरू होण्याआधी, मेमध्ये किंवा जूनच्या सुरुवातीला टोचायची असते. लसीकरण सकाळच्या थंड वेळेत झालेलं बरं. लाळ्या-खुरकताची लस दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत आहे.

२०२२ चा लम्पी अजून अनेकांच्या आठवणीत असेल. अंगावर गाठी, ताप, दूध बंद. महाराष्ट्रात जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. हा आजार पसरवतात ते मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड, आणि त्यांचा हंगाम म्हणजे दमट, उबदार पावसाळाच.

तिसरा धोका कासेचा. ओल्या, चिखलट जमिनीवर गाय बसली की सडातून जंतू आत शिरतात आणि कासदाह होतो. धार काढल्यावर सडाचं तोंड काही वेळ उघडं असतं. म्हणून धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवायचे आणि गाईपुढे लगेच वैरण टाकायची, म्हणजे ती अर्धा तास तरी उभी राहते. खर्च जवळपास शून्य, पण यातून कास वाचते.

नागपूरचा कूलर मुंबईत का चालत नाही?

आता उपायांकडे येऊ. नागपुरात घरोघरी कूलर असतात. मुंबईत तोच कूलर लावला तर खोली आणखी चिकट होते. कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो आणि त्यासाठी हवा कोरडी लागते.

गोठ्यालाही हाच नियम लागू होतो. विदर्भ, मराठवाडा, सोलापूर या कोरड्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये फॉगर म्हणजे बारीक तुषार, खिडक्यांना ओले गोणपाट, हे चांगलं काम करतं. पण तेच फॉगर जूनच्या दमट हवेत किंवा कोकणात, चारही बाजूंनी बंद गोठ्यात चालवले तर आर्द्रता वाढते आणि गाय जास्त तापते. पैसे खर्च करून त्रास विकत घेतल्यासारखं.

दमट हवेत हवा थंड करण्याच्या नादी न लागता थेट गाईला थंड करावं लागतं. म्हणजे तिच्या पाठीवर कातडीपर्यंत पोचेल इतकं पाणी मारायचं, मग ते थांबवून जोरात पंखा लावायचा. अंगावरचं पाणी वाऱ्याने उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. वाळलं की पुन्हा पाणी. इस्राएलसारख्या उष्ण देशात गाई वर्षाला सरासरी ११ हजार लिटरहून अधिक दूध देतात, त्यामागे पाणी आणि वारा यांच्या अशा ठरावीक फेऱ्यांचा मोठा वाटा आहे. नुसतं पाणी मारून पंखा न लावणं हे अर्धवट काम. तिथे गाय ओली राहते, थंड होत नाही, आणि खाली चिखल होतो तो वेगळाच.

उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यालाच टँकर लागत असेल तर गाईवर पाणी मारणं परवडणार नाही, हेही खरं. पण कमी खर्चाचे उपायही बरेच आहेत.

सावली: चांगली सावली गाईवर येणारा उष्णतेचा भार ३० ते ५० टक्क्यांनी कमी करते. पत्र्याचं छप्पर असेल तर वरून चुना मारावा किंवा उसाचं पाचट, कडब्याची ताटं पसरावीत. छप्पर उंच हवं आणि बाजू मोकळ्या.

मुक्त संचार गोठा: गाई दावणीला बांधून ठेवण्याऐवजी कुंपणात मोकळ्या सोडायच्या. सावली कुठे, वारा कुठे, हे गाय स्वतः शोधते. पाणी हवं तेव्हा पिते. माजही लवकर ओळखू येतो.

पाणी: दुधात जवळपास ८७ टक्के पाणीच असतं. जास्त दूध देणारी गाय उन्हाळ्यात दिवसाला १०० लिटरपर्यंत पाणी पिऊ शकते. दिवसातून तीनदा बादली दाखवून हे भागत नाही. हौद सावलीत हवा आणि पाणी चोवीस तास समोर हवं.

खाण्याची वेळ: खाल्ल्यानंतर काही तासांनी पोटातली उष्णता सर्वात जास्त असते. सकाळी दहाला वैरण टाकली तर ही वेळ नेमकी दुपारच्या उन्हाशी जुळते. म्हणून चाऱ्याचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री द्यायचा. हिरवा चारा किंवा मुरघास असेल तर उत्तम. खनिज मिश्रण, मीठ आणि खाण्याचा सोडा किती द्यायचा, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवावं.

मग देशी गाईच का पाळू नयेत?

हा प्रश्न सोशल मीडियावर नेहमी येतो. देशी गाई उन्हाला काटक असतात, यात शंका नाही. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गीर यांची कातडी सैल, पोळी मोठी, घर्मग्रंथी जास्त. पण त्या काटक असण्याचं एक कारण असंही आहे की त्या कमी दूध देतात, म्हणून आतली उष्णताही कमी. खिल्लार तर मुळात शेतीकामाची जात. ३० रुपये लिटरच्या हिशेबात फक्त देशी गाईवर घर चालवणं बहुतेकांना जमत नाही.

ब्राझीलने मधला रस्ता काढला. भारतातून नेलेल्या गीरची तिथे दुधासाठी निवड केली आणि तिचा एचएफशी संकर करून गिरोलांडो ही जात तयार केली. दूध बऱ्यापैकी आणि उष्णताही सोसते. आपल्याकडेही गरज आहे ती विदेशी रक्ताचं प्रमाण भागातल्या हवामानानुसार ठरवण्याची. महाबळेश्वरच्या पायथ्याला चालणारी गाय सांगोल्यात चालेलच असं नाही.

हा खर्च कुणी उचलायचा?

पंखे, छप्पर, हौद, विजेचं बिल, हे सगळं आज शेतकरी एकटा उचलतो. नुकसानही तोच सोसतो. गाय दगावली तर विमा मिळू शकतो. पण गाय जिवंत आहे, फक्त दूध १५ टक्के घटलंय आणि ती दोनदा उलटलीय, याची भरपाई नेहमीचा पशुविमा देत नाही. केरळमध्ये मलबार भागातल्या मिल्मा दूध संघाने २०२३ मध्ये थेट तापमानाशी जोडलेला विमा आणला. पारा ठरलेल्या मर्यादेच्या वर सलग काही दिवस राहिला की जनावर आजारी पडलं की नाही हे न पाहता भरपाई. महाराष्ट्रातल्या दूध संघांसमोर हा एक नमुना आहे.

तोवर गोठ्यातला सर्वात स्वस्त थर्मामीटर गाईच्या कुशीत आहे. शांत उभ्या गाईची कूस मिनिटाला किती वेळा हलते ते मोजायचं. थंड वेळेला हा आकडा २० ते ३० च्या आसपास असतो. ६० च्या वर गेला तर गाय तापली आहे, आभाळात ऊन असो वा ढग. घड्याळ लावून १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. एप्रिलमध्ये हे बरेच जण करतील. जूनमध्येही करायला हवं.